टॅलीत साडेसहा लाख, बँकेत सव्वाचार लाख, तरी स्टीलवाल्याचा चेक परत का गेला?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी मला जसा समजला तसा मांडतो. भोसरीत सीएनसी मशीनवर पार्ट्स बनवणारी तुमची भागीदारी फर्म आहे, बावीस कामगार आहेत. सहा तारखेला टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बँकेची शिल्लक ६,४२,३०० होती आणि बँकेच्या अ‍ॅपवर ४,२५,३१०. अ‍ॅपवरचा आकडा खरा धरून तुम्ही ३,८०,००० चे पगार सोडले. तीन दिवसांनी स्टील सप्लायरला दिलेला १,६०,००० चा चेक परत गेला. अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतो आणि बँक, म्हणजे टॅलीतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी, मार्चमध्ये एकदम जुळवतो. तुम्ही विचारलं आहे की यातला खरा आकडा कोणता, नफा असून पैसा का नसतो, आणि यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अशा बऱ्याच कारखान्यांचे हिशेब मी बघतो, आणि हा प्रश्न जवळपास याच रूपात समोर येतो. पहिल्याचं उत्तर असं की पगार ठरवण्यासाठी दोन्ही आकडे कामाचे नव्हते. अ‍ॅप सांगतं बँकेत आजवर काय घडलं. टॅली सांगते तुमच्या ऑफिसात काय लिहिलं गेलं. पगार सोडताना मात्र हे कळायला हवं की बँकेत आहेत त्यातल्या किती पैशांवर आधीच कुणाचं नाव लागलेलं नाही. हा आकडा कुठेच छापलेला मिळत नाही. तो बँक जुळवूनच काढावा लागतो. म्हणून बँक जुळवणं हे ऑडिटसाठी करायचं मार्चचं काम आहे असं मी मानत नाही. जुळवणीत ज्या नोंदी जुळत नाहीत, त्याच तुमच्या पुढच्या आठवड्याच्या रोख अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळी असतात.

तुमची खतावणी मला दिसत नाही. तेव्हा दोन्ही शिल्लक तुमच्याच ठेवतो आणि मधला फरक अशा कारखान्यांत जे हमखास सापडतं त्याने भरून दाखवतो. तुमच्याकडच्या रकमा वेगळ्या निघतील, पण प्रकार बहुधा हेच असतील.

टॅलीच्या ६,४२,३०० पासून सुरुवात करू. एका पार्टीने २,३६,००० चा चेक दिला आणि सांगितलं, ‘बारा तारखेनंतर टाका.’ अकाउंटंटने चेक हातात आला त्याच दिवशी जमा लिहिला. बँकेत तो गेलेलाच नाही. दुसऱ्या पार्टीचा १,१८,००० चा चेक भरला होता, तो परत आला. परत आल्याची नोंद टॅलीत नाही, म्हणजे पुस्तकात ते पैसे अजून आहेत. मशीनच्या कर्जाचा ९४,६०० चा हप्ता पाच तारखेला परस्पर गेला, तोही लिहिलेला नाही. चेक परतीचा आकार जीएसटी धरून ५९० कापला गेला. एका जॉबवर्कच्या १,१८,००० च्या बिलावर पार्टीने एक लाखावर दोन टक्के टीडीएस (परस्पर कापला जाणारा आयकर) कापून १,१६,००० पाठवले आणि इकडे जमा पूर्ण १,१८,००० लिहिली, म्हणजे दोन हजार जास्त. उलट बाजूला, ७४,२०० ची एक एनईएफटी बँकेत आली आहे आणि कुणाची ते न कळल्यामुळे लिहायची राहिली आहे. आणि स्टीलवाल्याला दिलेला १,६०,००० चा चेक टॅलीत खर्ची पडला आहे, पण त्या दिवशी बँकेत वटलेला नव्हता.

६,४२,३०० मधून २,३६,०००, १,१८,०००, ९४,६००, ५९० आणि २,००० वजा करा. त्यात ७४,२०० आणि १,६०,००० मिळवा. ४,२५,३१० येतात, म्हणजे बरोबर अ‍ॅपवरची रक्कम. बँक जुळली. आता यातून स्टीलवाल्याचे १,६०,००० बाजूला काढा, कारण तो चेक बाजारात फिरतो आहे आणि कधीही येऊ शकतो. उरतात २,६५,३१०. सहा तारखेला तुमच्या हातातले पैसे एवढेच होते, आणि त्यावर तुम्ही ३,८०,००० चे पगार सोडले.

एक जुनी सवय इथे फार महागात पडते. चेक दिला की वटायला दोन दिवस लागतील, तोवर भरणा करू, असं बरेच जण धरून चालायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगमध्ये जातात आणि भरले त्याच दिवशी निकाली निघतात. चेक दिला त्या क्षणी पैसे गेले असंच धरा.

न जुळलेल्या नोंदींचे मी तीन ढीग करतो. पहिल्यात फक्त वेळेचा फरक असलेल्या नोंदी येतात: थांबवलेला चेक, न वटलेला चेक. यांना पुस्तकात हात लावायचा नाही, त्या तारखेसकट अंदाजपत्रकात जातात. दुसऱ्या ढिगात पुस्तकच चुकलेलं असतं: हप्ता, बँकेचे आकार, परत आलेला चेक, टीडीएस. यांच्या नोंदी त्याच दिवशी करायच्या. उरतात त्या विचारून सोडवायच्या, ७४,२०० सारख्या. एनईएफटीच्या तपशिलात पाठवणाऱ्याचं नाव आणि त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक असतो. पार्टीला फोन केला की बिल क्रमांक मिळतो. बिल माहीत नसलेली जमा तशीच राहिली तर त्याच पार्टीकडे तुम्ही पुन्हा वसुलीसाठी तगादा लावता आणि संबंध बिघडतात.

एका गोष्टीबाबत मी कडक आहे. फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून बँक जुळवलेली मी मान्य करत नाही. दोन हजारांचा फरक लहान दिसतो, पण तो अनेकदा एका बाजूला पन्नास हजार आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठेचाळीस हजार अशा दोन चुकांचा असतो.

मार्चमध्ये जुळवायला माझा विरोध नुसत्या शिस्तीच्या हौसेपोटी नाही. काही मुदती तोवर निघून गेलेल्या असतात. पार्टीचा चेक परत आला तर पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली नोटीस पाठवायला, बँकेकडून परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवस असतात. जुलैत परत आलेला चेक मार्चमध्ये सापडला तर तो हक्क गेला. खात्यातून कुणी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार केला आणि चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तो मर्यादित राहतो, पुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून. यासाठी आठवड्याची जुळवणीसुद्धा उशिराची आहे. म्हणून नावे पडलेल्या रकमांचे एसएमएस रोज संध्याकाळी एका भागीदाराने स्वतः बघावेत.

आता नफा आणि पैसा. तुमचा नफा खोटा आहे असं मला वाटत नाही. नफा-तोटा पत्रकात काही गोष्टी दिसतच नाहीत, एवढाच मुद्दा आहे. ९४,६०० च्या हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात जातं, मुद्दल जात नाही, पण बँकेतून दोन्ही जातं. भागीदारांची उचल खर्चात येत नाही. रॅकवर पडलेलं स्टील खर्चात येत नाही. आणि सगळ्यात जास्त चटका जीएसटीचा बसतो. १० जुलैला केलेल्या बिलाचा कर २० ऑगस्टला भरायचा, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत. पार्टी पंचाहत्तर दिवसांनी देत असेल तर ते पैसे २३ सप्टेंबरच्या आसपास येतात. म्हणजे महिनाभर आधी तुम्ही तिचा कर खिशातून भरलेला असतो. महिन्याला पंधरा लाखांचं बिलिंग असेल तर १८ टक्क्यांनी कर २,७०,००० होतो. खरेदीचं क्रेडिट १,३०,००० मिळालं तर रोखीने १,४०,००० जातात. तेही सप्लायरने त्याची बिलं वेळेवर भरली आणि ती २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या पत्रकात, दिसली तर. एका मोठ्या स्टील बिलाचं क्रेडिट दिसलं नाही की २० तारखेचं गणित तिथेच कोसळतं. म्हणून १४ तारखेला २बी तयार झाली की लगेच बघा, १९ च्या रात्री नको.

कामं वाढत असतील तर हा ताण कमी होत नाही, वाढतो. जास्त ऑर्डर म्हणजे आज जास्त स्टील, जास्त ओव्हरटाइम, पुढच्या महिन्यात जास्त कर, आणि पैसे अडीच महिन्यांनी. बरेच मालक चांगल्या वर्षातच अडकतात ते यामुळे.

अंदाजपत्रक कसं करायचं ते सांगतो. एक्सेलमध्ये तेरा आठवड्यांचे तेरा रकाने करा. वर्षाचं बजेट बँकेला प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये द्यायला ठीक आहे, पण पगाराची तारीख त्यातून कळत नाही. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही, आणि तुमच्या धंद्यात आज केलेल्या बिलाचे पैसे साधारण तेवढ्यात येतात. पहिल्या रकान्याची सुरुवातीची शिल्लक म्हणजे जुळवणीतून निघालेले २,६५,३१०. टॅलीची किंवा अ‍ॅपची शिल्लक तिथे घेऊ नका.

देणी लिहिणं सोपं आहे, कारण त्यांच्या तारखा ठरलेल्या आहेत. पाचला हप्ता. सातला पगार आणि मागच्या महिन्याचा टीडीएस. पंधराला पीएफ आणि ईएसआय. वीसला जीएसटी, तुम्ही तिमाही विवरणाच्या योजनेत असाल तर पहिल्या दोन महिन्यांचं चलन २५ ला आणि तिमाहीचं विवरण महाराष्ट्रासाठी २२ ला. महावितरणच्या बिलाची तारीख बिलावरच असते. वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या रकमा मात्र हटकून विसरल्या जातात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स, विम्याचा हप्ता, मशीनचा एएमसी (वार्षिक देखभाल करार), आणि दिवाळीचा बोनस. बोनसची किमान रक्कमही वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी. ती दिवाळीच्या एका रकान्यात अचानक उगवू देऊ नका. दर महिन्याला तिचा बारावा भाग वेगळ्या खात्यात काढत जा.

येणी लिहिताना खरी कसोटी लागते. बिलावर ‘६० दिवस’ लिहिलं म्हणून साठाव्या दिवशी पैसे येतील असं धरायचं नाही. इथे जुळवणीचा दुसरा मोठा उपयोग होतो. टॅलीत प्रत्येक जमेसमोर बँकेची खरी तारीख भरलेली असेल, तर प्रत्येक पार्टीने मागच्या सहा महिन्यांत बिलापासून किती दिवसांनी पैसे दिले ते काढता येतं. एखादी पार्टी साठ म्हणते आणि अठ्ठ्याहत्तरला देते. देऊ दे, पण तुमच्या कागदावर अठ्ठ्याहत्तरच लिहा. शिवाय मोठ्या कंपन्यांत दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जात नाहीत. माल आत घेऊन तपासणी झाली, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पडला, तिथून मोजणी सुरू होते, आणि पेमेंटही महिन्यातल्या ठरावीक दिवशीच निघतं. पेमेंट दहाला आणि पंचवीसला निघत असेल आणि तुमचा जीआरएन एक दिवस उशिरा पडला, तर पैसे पंधरा दिवस लांबतात. डिस्पॅचच्या मुलाने स्टोअरमधून जीआरएन क्रमांक घेऊनच परत यायचं, एवढ्या एका नियमाने एका कारखान्याची वसुली ठळकपणे सुधारलेली मी पाहिली आहे. रिजेक्शनची डेबिट नोटही, म्हणजे नापास मालापोटी पार्टी कापते ती रक्कम, लक्षात घ्या. पाच टक्के माल परत येत असेल तर अंदाजात बिलाचे पंच्याण्णव टक्केच धरा, आणि जॉबवर्कवर टीडीएस वजा करून.

आता तुमचाच महिना मांडू. २,६५,३१० मधून सोडलेले पगार ३,८०,००० आणि सातला टीडीएस समजा १४,०००. उणे १,२८,६९०. बाराला थांबवलेला २,३६,००० चा चेक टाकता येईल, मग १,०७,३१०. पंधराला पीएफ-ईएसआय समजा ७२,०००, उरले ३५,३१०. वीसला जीएसटी १,४०,०००, उणे १,०४,६९०. दोन खड्डे आहेत, आणि दुसऱ्याकडे तुमचं अजून लक्षही गेलेलं नाही, कारण चेक परत गेल्याच्या मनस्तापात तुम्ही पहिल्यातच आहात. हे एक तारखेला कागदावर असतं तर हातात उपाय होते. पार्टीला विनंती करून चेक सहाला भरता आला असता. स्टीलवाल्याला चेक द्यायच्या आधीच पंधरा तारीख मागता आली असती. भागीदारांची उचल थांबवता आली असती. सप्लायर आधी सांगितलेला उशीर बहुतेक वेळा सोसतात. परत गेलेला चेक सोसत नाहीत, पुढचा माल रोखीत मागतात.

यातलं काय तुम्हाला लागू नाही हे परिस्थितीवर ठरेल. चालू खात्याबरोबर सीसी (कॅश क्रेडिट) असेल तर हातातले पैसे मोजताना मंजूर मर्यादा धरू नका, ड्रॉइंग पॉवर धरा, म्हणजे स्टॉक आणि येण्यांच्या हिशेबाने प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम. समजा पंचवीस लाखांची मर्यादा आहे. स्टॉक चौदा लाख, सप्लायरचं देणं आठ लाख, येणी बावीस लाख, पैकी चार लाख नव्वद दिवसांपुढची. सगळीकडे पंचवीस टक्के मार्जिन धरलं तर पैसे न दिलेल्या मालाचे आठ लाख वजा जाता सहा लाखांच्या स्टॉकवर साडेचार आणि अठरा लाखांच्या येण्यांवर साडेतेरा, म्हणजे अठरा लाखच काढता येतात. येण्यांवर काही बँका याहून जास्त मार्जिन ठेवतात, मंजुरीपत्र वाचा. एखादी पार्टी नव्वद दिवसांपुढे गेली की तिचे पैसे तर येत नाहीतच, वर सीसीतून काढता येणारी रक्कमही घटते. दुकान असतं तर प्रश्न वेगळा असता: कार्डाचे पैसे कमिशन आणि त्यावरचा जीएसटी कापून दुसऱ्या दिवशी एकत्र येतात, तेव्हा रोजची विक्री आधी एका मधल्या खात्यात नेऊन मग बँकेशी जुळवावी लागते. तुम्हाला त्याची गरज नाही.

वसुलीसाठी एक हत्यार तुमच्याकडे आहे, ते वापरा. फर्म उत्पादक म्हणून उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु वर्गात असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि फेब्रुवारीत पार्टीच्या अकाउंट्स विभागाला नम्रपणे आठवण करा. खरेदीचं दार बंद न करता पैसे मागायचा हा सभ्य मार्ग आहे. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तुमची एखादी पार्टी त्यात बसत असेल तर तिने मान्य केलेलं बिल तिथे वटवून काही दिवसांत पैसे मिळतात. त्याचा दर तुमच्या सीसीच्या व्याजाशी ताडून बघा, अनेकदा तो कमी असतो, कारण जोखीम मोठ्या कंपनीची मोजली जाते.

या आठवड्यात काय करायचं ते क्रमाने. आज स्टीलवाल्याला स्वतः भेटा, भागीदाराने जायचं, अकाउंटंटला पाठवायचं नाही. रक्कम आणि तारीख सांगा, आणि पैसे एनईएफटीने द्या. आरटीजीएसची किमान मर्यादा दोन लाख आहे. स्टीलवाल्याची कलम १३८ ची नोटीस आली तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, तोवर थांबू नका. परतफेड झाली की मूळ चेक परत घ्या. मग तुमच्याकडे परत आलेल्या चेकची तारीख बघा आणि ३० दिवस मोजा. त्यानंतर एप्रिलपासूनची बँक महिन्यामागून महिना जुळवायला लावा, सगळी एकदम नको. एप्रिलची अखेर जुळल्याशिवाय मे उघडायचा नाही.

पुढे दर सोमवारी. स्टेटमेंट भागीदाराने स्वतः नेटबँकिंगमधून पीडीएफमध्ये उतरवावं आणि अकाउंटंटला द्यावं. यात त्याच्यावर अविश्वास नाही. चेक लिहिणारा, नोंद करणारा आणि जुळवणारा एकच माणूस असला की त्याच्यावर उगाच संशय येण्याचीही सोय होते. जुळवून झालं की न जुळलेल्या नोंदींची यादी, तेरा आठवड्यांचा कागद आणि मागच्या आठवड्याचा अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक, एवढं दोन्ही भागीदारांनी अर्धा तास बसून बघायचं. फरकापुढे कारण लिहायचं: पार्टी चुकली, तारीख चुकली की रक्कमच धरली नव्हती. आठ-दहा सोमवार गेले की तुमचे अंदाज कुठे हमखास फसतात ते त्याच रकान्यात दिसायला लागेल.

तुमचा शेवटचा प्रश्न सॉफ्टवेअरचा. सध्या घेऊ नका. टॅलीत बँक लेजर उघडून रिकन्सिलिएशनमध्ये प्रत्येक नोंदीसमोर बँकेची तारीख भरता येते, आणि बऱ्याच बँकांचं स्टेटमेंट थेट आत घेता येतं. बाकीचं एक्सेलमध्ये होतं. तो पैसा अकाउंटंटला आठवड्यातला तिसरा दिवस, सोमवार, बोलवण्यावर खर्च करा.